टणक

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, बियाणे कंपनीच्या मागच्या खोलीत
मी बिया मोजते.
ओल्या कागदावर, चिमट्यानं,
शंभर शंभरच्या ओळी.
औषध लावलेल्या बियांचा गुलाबी रंग नखांत राहतो,
प्रभुभोजनाच्या रविवारीसुद्धा.

कागदाची सुरळी, सुरळीला रबर, वर तारीख,
मग उबेच्या कपाटात.
भेंडी असली की चौथ्या दिवशी उघडायची, मग एकविसाव्या.
रजिस्टरात रकाने आखलेले:
चांगले कोंब, वेडेवाकडे कोंब, टणक, मेलेलं.
बेरीज शंभरच यावी लागते.
नव्याण्णव आली
तर मी बॅटरी घेऊन टेबलाखाली वाकते,
फरशीच्या भेगेत बोट घालते,
मिळेपर्यंत जेवणाचा डबा उघडत नाही.

पहिल्या आठवड्यात काटकर मॅडमना विचारलं होतं,
टणक म्हणजे मेलेलंच ना?
त्या मान वर न करता म्हणाल्या,
"नाही हो. मेलेलं मऊ पडतं, बोटाखाली दबतं,
बुरशी धरतं.
टणक जिवंत असतं.
त्यानं अजून पाणीच घेतलेलं नाही."
मग त्याचं करायचं काय?
"मोजायचं."

बुधवारी आमच्या गल्लीत घरसभा असते.
प्रेमलताबाईंचा गुडघा बरा झाला, त्याची साक्ष.
शद्रखमामांच्या पोराला परभणीत नोकरी लागली, त्याची साक्ष.
पाळकसाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघतात,
"तबिथाबाई, तुमचं काही?"
मी म्हणते, देव चांगला आहे,
आणि पदर सारखा करते.
सुमंत गेल्याला तीन वर्षं झाली.
गीत गाते, वर्गणी देते, सतरंज्या झटकते,
डोळे मिटले की आत
दुपारच्या बाजारपेठेसारखी शटरं.
ही साक्ष कुणापुढे द्यायची?

त्या शनिवारी एका सुरळीत टणक निघाली सतरा.
रजिस्टरात सतराच लिहिली, खोटं लिहिलं नाही.
टोपलीत मात्र सोळा टाकली.

घरी आणून स्टीलच्या पेल्यात भिजवली ती एक,
खिडकीत ठेवली.
आमच्याकडे नळ नऊ दिवसांनी येतो,
कधी अकरा. पाण्याला वेळ माहीत नाही.
नसीमा पेल्यात डोकावून हसली,
"बये, एवढ्या पाण्यात माझ्या दोन कपांचा चहा झाला असता."

पहाटे अडीच-तीनला दारावर थाप पडली.
मी खाटेपाशी गुडघ्यांवर होते,
खरं सांगायचं तर प्रार्थनेत कमी, झोपेत जास्त.
"उठ गं तबिथा, नळ आला!"
दार उघडलं. नसीमा. केस मोकळे,
दोन्ही हातांत माझ्याच बादल्या, ओट्यावरून उचललेल्या.
तिच्या घरात नळ सुरू होता, आवाज येत होता,
भांडं भरून वाहत होतं,
आणि ती माझ्या दारात उभी.

आमेन राहूनच गेलं.
हंडे, कळशी, कुकर, डब्याची झाकणं,
पोरांची जुनी दप्तरातली बाटलीसुद्धा भरली.
तिच्या पिंपाला मी लावला हात, माझ्या टाकीला तिनं.
गल्लीभर पत्र्यांवर, प्लास्टिकवर पाण्याचे आवाज,
कुणी ओरडतंय, कुणी शिव्या देतंय,
वरच्या आळीत कुत्री जागी.
साडेचारला धार बारीक झाली, मग नळातून नुसती हवा.

ओल्या साड्यांनी पायरीवर बसलो.
दूध माझ्याकडचं, साखर तिची.
मशिदीतून अजान व्हायला अजून अवकाश,
चर्चची घंटा तर रविवारीच.
वरून कुणी काही बोललं नाही.
फक्त एवढं वाटलं
की या अंधारात कुणीतरी बॅटरी घेऊन वाकलेलं आहे,
बेरीज जुळेपर्यंत जेवायला न बसणारं.

नसीमाला हे सांगितलं नाही.
बुधवारी सांगेन की नाही, माहीत नाही.

कामावर निघताना पेल्यातली भेंडी बाहेर काढली,
अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरली,
दाबून पाहिली.

दबली नाही.